एकावरील आघात तो सर्वांवरील आघात

१९ सप्टेंबर २०२५ रोजी रशियाची मिग-३१ जातीची तीन लढाऊ विमाने फिनलंडच्या आखातावरून एस्टोनियाच्या हवाई हद्दीत शिरली आणि सुमारे बारा मिनिटांनी बाहेर पडली. रशियाने हद्दभंगाचा इन्कार केला. परंतु त्याच महिन्याच्या ९ व १० तारखांच्या दरम्यानच्या रात्री रशियाचे वीसेक ड्रोन पोलंडमध्ये घुसलेले होते, हे लक्षात घेता त्या इन्कारावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही. एस्टोनियापाशी स्वतःचे एकही लढाऊ विमान नाही. या घुसखोरांना सामोरी गेली ती इटलीची विमाने. एस्टोनियाची लोकसंख्या १४ लाखांच्या आत आहे, म्हणजे पुणे शहराच्या निम्म्याहूनही कमी. १९४० साली हाच देश नकाशावरून पुसून टाकण्यास काही आठवडे पुरले होते. मग २०२५ साली बारा मिनिटांवर का थांबावे लागले? शेजाऱ्याचे हृदयपरिवर्तन झाले म्हणून नव्हे, हे युक्रेनच्या उद्ध्वस्त शहरांकडे पाहिले की कळते. प्रश्नाचे उत्तर सरळ आहे, पण समाजवाद्यांना ते उच्चारणे जड जाते. कारण ते देताना एका लष्करी कराराचे नाव घ्यावे लागते.

नाटोचे नाव निघताच समाजवादी कार्यकर्त्याच्या कपाळाला आठी पडते, आणि ती अकारण नाही. १९४९ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन येथे ज्या बारा राष्ट्रांनी या करारावर सह्या केल्या, त्यांत सालाझारचा पोर्तुगाल होता. ज्या सत्तेविरुद्ध डॉ. लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात रणशिंग फुंकले, जिच्या तुरुंगात १९५५ च्या सत्याग्रहानंतर नानासाहेब गोरे आणि मधु लिमये यांना डांबण्यात आले, ती सत्ता स्वातंत्र्य व लोकशाही यांच्या रक्षणाची भाषा बोलणाऱ्या करारात मानाने बसलेली होती. कराराच्या ६ व्या कलमाने संरक्षणाचे क्षेत्र युरोप, उत्तर अमेरिका व उत्तर अटलांटिक यांच्यापुरते आखून दिले होते, म्हणून डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा कोणत्याही सदस्य राष्ट्रावर पोर्तुगालसाठी धावून जाण्याचे बंधन आले नाही. ग्रीसमध्ये १९६७ पासून १९७४ पर्यंत लष्करी कर्नलांची राजवट होती, तरी ग्रीसचे सदस्यत्व अबाधित राहिले. १९९९ साली सुरक्षा समितीच्या संमतीवाचून युगोस्लाव्हियावर बाँबवर्षाव झाला. ही सारी नोंद खरी आहे आणि ती विसरण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, या नोंदीवरून तालिन, रीगा किंवा व्हिल्नियस येथील सामान्य नागरिकाला आपण काय सांगणार?

त्या नागरिकाची आठवण वेगळी आहे. २३ ऑगस्ट १९३९ रोजी हिटलर व स्टालिन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी अनाक्रमणाचा करार केला आणि त्याच्या गुप्त जोडपत्रात पूर्व युरोपची वाटणी केली. एस्टोनिया, लाटविया व लिथुआनिया ही तीन राष्ट्रे त्या वेळी तटस्थ होती. तटस्थता त्यांच्या कामी आली नाही. त्याच शरद ऋतूत सोव्हिएत युनियनने त्यांच्यावर 'परस्पर साहाय्या'चे करार लादले, त्यांच्या भूमीवर आपले लष्करी तळ उभारले, जून १९४० मध्ये निर्वाणीचा खलिता धाडला आणि ऑगस्टमध्ये तिन्ही राष्ट्रे गिळंकृत केली. एकट्या बलाढ्य शेजाऱ्याशी केलेला संरक्षण करार म्हणजे घराच्या किल्ल्या त्याच्याच हाती देणे होय, हा धडा त्यांनी पुढील अर्धशतकभर गिरवला. १९४१ व १९४९ मध्ये तेथील हजारो कुटुंबे, शेतकऱ्यांची व शिक्षकांची कुटुंबेसुद्धा, सैबेरियात हद्दपार झाली. २३ ऑगस्ट १९८९ रोजी, त्या कराराच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी, सुमारे २० लाख लोकांनी तालिनपासून व्हिल्नियसपर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटरची मानवी साखळी धरली. गांधींच्या देशाने अभिमानाने पाहावे असे ते दृश्य होते. जानेवारी १९९१ मध्ये व्हिल्नियसच्या दूरचित्रवाणी मनोऱ्यापाशी निःशस्त्र नागरिक रणगाड्यांपुढे उभे राहिले आणि त्यांच्यातील काहींनी प्राण गमावले. स्वातंत्र्य त्यांनी बहुतांशी अहिंसेने मिळवले. ते टिकवण्यासाठी मात्र २९ मार्च २००४ रोजी ते नाटोत दाखल झाले. त्यांना कोणी ओढून नेले नव्हते.

आता हा करार आक्रमकाला रोखतो तो कसा, हे नीट समजून घेतले पाहिजे. सर्वसाधारण समजूत अशी की, ५ व्या कलमानुसार एका सदस्यावरील सशस्त्र हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानला जातो आणि सर्वजण आपोआप युद्धात उतरतात. प्रत्यक्षात कलम इतके कडक नाही. प्रत्येक राष्ट्राने स्वतःस आवश्यक वाटेल ती कारवाई करावी, तीत सशस्त्र बळाचा वापरही येऊ शकतो, एवढेच त्यात म्हटले आहे. म्हणजे कागदावर पळवाट आहे. आक्रमक राष्ट्राचे राज्यकर्ते कायदेपंडितांकडून कलमाचा अर्थ काढून घेत बसत नाहीत. ते हिशेब मांडतात. हल्ल्यातून पदरात काय पडेल, त्यासाठी काय मोजावे लागेल, आणि ते खरोखर मोजावे लागण्याची शक्यता किती, या तीन गोष्टींचा तो हिशेब असतो. दूरच्या मित्राने दिलेल्या वचनाचे सामर्थ्य तिसऱ्या गोष्टीवर अवलंबून असते. तालिनसाठी शिकागो किंवा मिलान खरोखर स्वतःला धोक्यात घालील काय, या शंकेचे उत्तर जितके ठाम, तितकी जरब अधिक.

या शंकेला शीतयुद्धाच्या काळात पश्चिम बर्लिनमध्ये एक उत्तर सापडले होते. चोहोबाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेल्या त्या शहरात अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांचे काही हजार सैनिक होते. सोव्हिएत रणगाड्यांपुढे त्यांचा निभाव लागला नसता, हे सर्वांनाच ठाऊक होते. पण थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९६६ साली दाखवून दिले की, त्या सैनिकांचे काम शहर जिंकून धरण्याचे नव्हतेच. त्यांना मारल्यावाचून शहर घेता येत नव्हते, आणि ते मारले गेल्यावर त्यांच्या देशांना स्वस्थ बसणे अशक्य झाले असते. त्यांच्या असण्यानेच माघारीची वाट बंद केली होती.

बाल्टिक राष्ट्रांच्या बाबतीत हा विचार उशिरा अमलात आला. २००४ पासून मित्रराष्ट्रांची विमाने आळीपाळीने त्यांच्या आकाशात गस्त घालीत होती, पण जमिनीवर परकीय फौज जवळजवळ नव्हती. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया बळकावल्यावर सर्वांचे डोळे उघडले. २०१६ मध्ये अमेरिकेतील रँड या संस्थेने लुटुपुटीच्या लढाया मांडून असा निष्कर्ष काढला की, रशियन सैन्य जास्तीत जास्त ६० तासांत तालिन व रीगा यांच्या वेशीपाशी पोहोचेल. तिन्ही देशांना उर्वरित नाटोशी जोडणारा जमिनीचा दुवा म्हणजे पोलंड व लिथुआनिया यांच्यामधील सुवाल्कीची चिंचोळी पट्टी. तिच्या एका अंगाला रशियाचे कालिनिनग्राद आणि दुसऱ्या अंगाला बेलारूस. त्याच वर्षी वॉर्सा येथील परिषदेने एस्टोनियात ब्रिटनच्या, लाटवियात कॅनडाच्या, लिथुआनियात जर्मनीच्या आणि पोलंडमध्ये अमेरिकेच्या नेतृत्वाखाली सुमारे हजार हजार सैनिकांची बहुराष्ट्रीय पथके ठेवण्याचे ठरवले. एकेका पथकात अनेक देशांचे जवान मुद्दाम मिसळलेले असतात, म्हणजे पहिल्याच चकमकीत अनेक राजधान्यांत शोकवार्ता पोहोचेल. या निष्ठुर व्यवस्थेला लष्करी परिभाषेत काहीही म्हणोत. तिचा अर्थ 'आमचीही माणसे तुमच्या दारात उभी आहेत' असा आहे.

परंतु २०२२ ने याही व्यवस्थेची मर्यादा दाखवली. फेब्रुवारीत युक्रेनवर चढाई झाली आणि एप्रिलमध्ये बुचा गावातील प्रेते जगाने पाहिली. त्या वर्षीच्या जूनमध्ये एस्टोनियाच्या पंतप्रधान काया काल्लास यांनी उघडपणे सांगितले की, नाटोच्या तेव्हाच्या योजनेत त्यांचा देश आधी हातचा जायचा आणि १८० दिवसांनी तो परत मिळवायचा होता. तोवर मुक्त करण्याजोगे काही उरणारच नाही. लहान देशाला सूड नको असतो, त्याला पहिला दिवस निभावून हवा असतो. म्हणून माद्रिद येथील परिषदेने गरजेनुसार ही पथके ब्रिगेडच्या आकारापर्यंत वाढवण्याचे ठरवले. जर्मनीने लिथुआनियात सुमारे ५,००० जवानांची कायमची ब्रिगेड उभारण्याचे काम हाती घेतले आणि मे २०२५ मध्ये व्हिल्नियस येथे तिचे समारंभपूर्वक उद्घाटन झाले. १९४१ साली ज्या देशाच्या सैन्याने लिथुआनियातील ज्यूंचा संहार घडवला, त्याच देशाच्या रणगाड्यांचे व्हिल्नियसच्या नागरिकांनी स्वागत करावे, ही इतिहासाची उलटापालट विचार करायला लावणारी आहे.

ही जरब खरोखर काम करते याचा पुरावा काय? जे घडले नाही त्याचा पुरावा देणे नेहमीच अवघड असते. पण तुलनेला जागा आहे. एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्ट येथील परिषदेने जॉर्जिया व युक्रेन पुढेमागे सदस्य होतील असे जाहीर केले, पण केव्हा व कसे ते सांगितले नाही. चारच महिन्यांत रशियन रणगाडे जॉर्जियात होते. युक्रेनने १९९४ साली बुडापेस्ट येथे आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडून देण्याच्या मोबदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि खुद्द रशिया यांच्याकडून सीमांच्या अखंडतेची लेखी आश्वासने घेतली होती. त्या कागदाचे मोल २०१४ मध्ये कळले आणि २०२२ मध्ये पुन्हा कळले. बाल्टिक राष्ट्रे युक्रेनपेक्षा कितीतरी दुर्बळ. त्यांच्याविषयीचा मॉस्कोचा रोषही कमी नाही. तरीही घाला पडला तो कुंपणाबाहेरच्यांवर.

नाटोच्या विस्तारानेच रशियाला डिवचले, या आक्षेपाचाही विचार केला पाहिजे. तो केवळ कम्युनिस्टांचा आक्षेप नाही. अमेरिकेच्या शीतयुद्धकालीन धोरणाचे एक शिल्पकार जॉर्ज केनन यांनी १९९७ सालीच विस्ताराविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता. मोठ्या राष्ट्रांनी आपापसांत विश्वास निर्माण करण्याची १९९० नंतरची संधी दवडली, हे मान्यच केले पाहिजे. पण या आक्षेपात एक गृहीतक दडलेले असते, ते म्हणजे मोठ्या राष्ट्राच्या शेजाऱ्यांना आपली सुरक्षितता स्वतः ठरवण्याचा हक्क नाही. साम्राज्यवादाचे सारे तत्त्वज्ञान याच गृहीतकावर उभे असते. शिवाय फिनलंडने एप्रिल २०२३ मध्ये सदस्यत्व घेतल्याने नाटोची रशियाला भिडलेली सीमा एका फटक्यात सुमारे १,३४० किलोमीटरने वाढली. तरी त्यावरून युद्ध पेटले नाही. फिनलंड आणि स्वीडन या दोन्ही देशांचे अर्ज मे २०२२ मध्ये केले गेले ते सोशल डेमोक्रॅट पंतप्रधानांच्या कारकिर्दीत, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दोनशे वर्षांची अलिप्तता स्वीडिश समाजवाद्यांनी हौसेने सोडली नाही.

किंबहुना या कराराशी लोकशाही समाजवादाचे नाते पहिल्यापासूनचे आहे. त्याच्या शिल्पकारांत अग्रभागी होते ब्रिटनचे मजूर पक्षाचे परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन. ते मूळचे गोदी कामगारांचे पुढारी. एकावरील आघात तो सर्वांवरील आघात हे सूत्र कामगार चळवळीने एकोणिसाव्या शतकातच आपले मानले होते. गिरणीतल्या बदली कामगाराला मालक सर्वांत आधी दारात अडवतो, कारण त्याच्यामागे कोणी उभे राहणार नाही असा त्याचा अदमास असतो. संघटना तो अदमास खोटा ठरवते. बदली कामगारासाठी सारे खाते यंत्रे थांबवील अशी खात्री पटली, तर मालक त्याच्या वाटेस जात नाही आणि संपही करावा लागत नाही. सीमेवरच्या लहान राष्ट्राची गोष्ट याहून निराळी नाही. जी एकजूट समाजवाद्यांना गिरणीच्या फाटकावर पवित्र वाटते, ती राष्ट्रांच्या सीमेवर आपोआप पापमय होत नाही.

मात्र संघटना खरी की मालकाने पोसलेली, हे ओळखण्याची कसोटीही कामगाराला ठाऊक असते. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या वॉर्सा कराराचे सैन्य चालून गेले ते आपल्याच सदस्यांवर. १९५६ मध्ये हंगेरीत एकटे सोव्हिएत सैन्य गेले, ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात ते करारातील मित्रांना घेऊन शिरले. हंगेरीच्या प्रश्नावर भारत सरकारने घेतलेल्या गुळमुळीत भूमिकेवर जयप्रकाशांनी कडक टीका केली होती. चेकोस्लोव्हाकियाच्या वेळी भारताने सुरक्षा समितीत तटस्थ राहणे पसंत केले, तेव्हा एकेकाळचे समाजवादी नेते अशोक मेहता यांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला. लहान राष्ट्राच्या बाजूने बोलण्याची ही परंपरा समाजवाद्यांची स्वतःची आहे. ती कोण्या गटाकडून उसनी आणलेली नाही. आणि गटनिरपेक्षतेचा वारसा सांगणाऱ्या भारतानेही संकट दाराशी येताच ९ ऑगस्ट १९७१ रोजी सोव्हिएत युनियनशी करार केला, ज्यात आक्रमणाचा धोका उद्भवल्यास तातडीने विचारविनिमय करण्याचे कलम होते. सुमारे पंचावन्न कोटींच्या राष्ट्राला जे करावेसे वाटले, ते चौदा लाखांच्या राष्ट्राने केले तर त्याला उपदेश करणे शोभत नाही.

येथपर्यंत मान्य केल्यावर किमतीचा प्रश्न उभा राहतो, आणि तेथे समाजवाद्यांनी गप्प बसता कामा नये. जून २०२५ मध्ये हेग येथे सदस्य राष्ट्रांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम संरक्षण व तत्संबंधित कामांवर खर्च करण्याचे ध्येय स्वीकारले, ३.५ टक्के प्रत्यक्ष संरक्षणावर आणि १.५ टक्के पूल, बंदरे, दळणवळण आदींवर. २०१४ मध्ये ठरलेले ध्येय २ टक्क्यांचे होते. १९६६ साली मॅन्कर ऑल्सन व रिचर्ड झेकहाउझर या अर्थशास्त्रज्ञांनी मांडले होते की, युतीतील सुरक्षितता ही सामायिक वस्तू असल्याने लहान सदस्य मोठ्याच्या खर्चावर फुकट लाभ घेतात. आज हे गणित सीमेपाशी उलटलेले दिसते. २०२४ मध्ये पोलंडने ४ टक्क्यांहून अधिक आणि एस्टोनिया व लाटविया यांनी ३ टक्क्यांहून अधिक खर्च केला. उलट धोक्यापासून दूर असलेले इटली व स्पेन हे मोठे देश २ टक्क्यांच्याही आत राहिले.

हा पैसा येणार कोठून? ब्रिटनमध्ये हा प्रश्न पूर्वी एकदा विचारला गेला होता. राष्ट्रीय आरोग्यसेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी एप्रिल १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, कारण कोरियन युद्धामुळे वाढलेल्या शस्त्रखर्चासाठी त्यांच्याच मजूर सरकारने चष्मे व कवळ्या यांवर आकार बसवला होता. हा शस्त्रकार्यक्रम देशाच्या कुवतीबाहेरचा आहे असे ते म्हणत होते, आणि त्यांच्यामागून आलेल्या चर्चिल सरकारला तो खरोखरच लांबणीवर टाकावा लागला. बेव्हिन आणि बेव्हन यांच्या नावांत एका मात्रेचा फरक, आणि समाजवाद्याला दोघांचेही ऐकावे लागेल. एकजुटीवाचून लहान राष्ट्र टिकत नाही, हे बेव्हिनचे म्हणणे. आणि ज्या गरिबाच्या घराचे रक्षण करायचे त्याच्याच नाकावरचा चष्मा काढून घेऊ नका, हे बेव्हनचे. रणगाड्यांचा खर्च धनिकांवरील करांतून उभा राहतो की रुग्णालयांच्या तरतुदीतून, हा प्रश्न संरक्षणाच्या बाहेरचा नाही. ज्या जनतेला आपले राज्य आपले वाटत नाही, तिच्या भरवशावर कोणतीही सीमा राखता येत नाही.

एस्टोनियाचे नार्वा शहर या दृष्टीने पाहावे. नदीच्या अलीकडे एक किल्ला, पलीकडे रशियाच्या इव्हानगोरोदचा किल्ला. नार्वाचे बहुसंख्य रहिवासी रशियन भाषक आहेत. १९९१ नंतर एस्टोनिया व लाटविया यांनी सोव्हिएत काळात येऊन वसलेल्यांना आपोआप नागरिकत्व दिले नाही. लिथुआनियाने मात्र सर्व रहिवाशांना ते घेण्याची मुभा दिली. परदेशी ब्रिगेड बाहेरचा शत्रू थोपवू शकते. शेजारच्या वस्तीतील दुरावा तिला मिटवता येत नाही. भाषिक अल्पसंख्यांना न्याय देणे हाही संरक्षणाचाच भाग आहे.

आणि या करारातील सर्वांत मोठी भेग पूर्वेकडे नसून पश्चिमेकडे आहे. ५ वे कलम आजवर एकदाच लागू झाले, ते सप्टेंबर २००१ मध्ये, अमेरिकेसाठी. त्या हाकेला ओ देऊन लहानशा एस्टोनियाचे जवानही अफगाणिस्तानात गेले आणि तेथे धारातीर्थी पडले. अशा मित्रांविषयी डोनाल्ड ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०२४ च्या प्रचारसभेत, जे पुरेसा खर्च करणार नाहीत त्यांचे रशियाने हवे ते करावे, अशा अर्थाचे उद्गार काढले. आणि अध्यक्षपद पुन्हा मिळाल्यावर २०२५ मध्ये डेन्मार्क या सदस्य राष्ट्राच्या आधिपत्याखालील ग्रीनलंडवर हक्क सांगितला. जरब ही विश्वासाची वस्तू आहे. ती बांधण्यास वर्षे लागतात आणि एका सभेतील वाक्याने तिला तडा जातो. युनियनचा सर्वांत दांडगा सभासदच वर्गणीच्या हिशेबावरून सोबत्यांना मालकाच्या हवाली करण्याची भाषा बोलू लागला, तर फाटकावरच्या बदली कामगाराने कोणाकडे पाहावे?

आक्रमणाला आळा घालण्याचे काम खरे पाहता संयुक्त राष्ट्रसंघाचे. ज्याच्यावर आरोप त्याच्याच हाती नकाराधिकार, या व्यवस्थेने ते काम होऊ दिले नाही. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने सुरक्षा समितीतील निषेधाचा ठराव आपल्याच नकाराधिकाराने पाडला. ती व्यवस्था बदलेपर्यंत सीमेवरच्या लहान राष्ट्रांनी जमेल त्या आसऱ्याखाली उभे राहणे हा त्यांचा हक्क आहे. समाजवाद्यांनी त्या हक्काची पाठराखण करावी, आसऱ्याची भाटगिरी करू नये. करार आपल्या दुर्बळ सदस्याच्या पाठीशी खरोखर उभा राहतो काय, त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, आणि कुंपणाबाहेर राहिलेल्यांना अर्धवट आशा दाखवून वाऱ्यावर तर सोडले जात नाही ना, हे तीन प्रश्न त्यांनी प्रत्येक वेळी विचारावेत. गोव्याच्या तुरुंगांत ज्यांनी दिवस काढले, त्यांना लहान भूमीच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नव्हती. त्यांच्या वारसांनाही ती पडू नये.